साडेतीन मुहूर्तातला एसी

१९ एप्रिल, शनिवार. सकाळ.

तुम्ही विसरणार, हे मला ठाऊक हाय. लेकीच्या साखरपुड्याहून परत येताना मला मुरगूडच्या स्टँडवर विसरून एकटेच एसटीत चढलेला माणूस तुम्ही. कंडक्टरला दोन तिकिटं म्हणालात आणि दुसरं माणूस दाखवता येईना. तेव्हा तर डोकं शाबूत होतं. आता झटका आल्यापासून अर्धं अंग बंद. म्हणून मी सांगणार आणि आपली नात तेजस्वी लिहिणार. मला अक्षर येत न्हाय, तुम्हाला येतंय. दिवाळीपर्यंत उठून बसलात की वाचा. मग "मला न विचारता एसी का बदललास" म्हणून भांडायचं न्हाय. सगळं तारखेसकट हाय.

तर, लाइटबिल आलं. सहा हजार आठशे. दोन म्हातारी आणि एक कॉलेजची पोरगी, हिथं काय पिठाची गिरण चालत न्हाय. खातंय कोण, तर तुमच्या डोक्यावरचा एसी. चौदा वर्षांचा. आवाज ट्रॅक्टरचा, गारवा माठाइतका. पण डॉक्टरांनी सांगितलंय, खोली गार आणि कोरडी ठेवा, घामानं पाठीच्या जखमा चिघळतील. म्हणून रात्रंदिवस चालू. तेजस्वीची आई, आपली स्वप्नाली, बिल भरते म्हणतीय, पण दिल्या घरच्या लेकीच्या पैशानं गारवा खायचा न्हाय.

ठराव: नवा घ्यायचा. बिल निम्म्यावर आणायचं.

२२ एप्रिल, मंगळवार.

राजवर्धनच्या दुकानात गेलते. पोरगं दर वाक्याला आज्जी म्हणतंय. आज्जी म्हणणाऱ्या दुकानदारापासनं सावध राहावं, पण त्याची गाठ माझ्याशी हाय. म्हणाला, फाइव्ह स्टारचा घ्या, वीज कमी खातोय. म्हटलं, आमचे मालक तीस वर्षं कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत भट्टीसमोर उभे होते, एक पण स्टार अंगाला लागला न्हाय. आता तरी लागू दे.

जुन्याचे तीन हजार धरतो म्हणाला. पावणेदोन तास बसले. पाण्याचे चार ग्लास प्याले. पाच हजारांवर आणला. त्याची अट एवढीच, की जुना सोमवारीच द्यायचा, त्या दिवशी त्याची जुना माल उचलायची गाडी इकडं फिरतीय. नवा बुधवारी, अक्षय तृतीयेला. बसवायचं फुकट.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही उजवा अंगठा हलवलात. म्हणजे मंजूर.

२५ एप्रिल.

तेजस्वीची कटकट. अक्षय तृतीयेला अख्खं कोल्हापूर एसी घेणार, मग बसवायला माणूस कुठनं मिळणार. त्यापेक्षा आजच आणू, मुहूर्त कशाला. तिला सांगितलं, मागचा एसी तुझ्या आजोबांनी अमावास्येला आणलाता, स्वस्तात मिळतोय म्हणून. शेवटी काय झालं? माणूस पडला. ती म्हणाली, चौदा वर्षांनी? म्हटलं, अमावास्या दम धरून असती.

२८ एप्रिल, सोमवार. दुपार.

जुना गेला. भिंतीला पाइपचं भोक राहिलंय, त्यात तुमचा जुना बनियन कोंबलाय. गाडीवाल्याला तेजस्वी म्हणत होती, बुधवारी या, तेव्हा न्या. बुधवारी ही गाडी न्हाय, मग जुन्याचे तीनच हजार मिळतील, म्हणाला. मी म्हटलं, उचल. दोन रात्रींचा प्रश्न.

पंखा फुल हाय. तुम्हाला सांगितलं, दोन दिवस कळ काढा. अंगठा हलला न्हाय. झोपेत असाल.

३० एप्रिल, अक्षय तृतीया. सव्वाअकरा.

आला. खोक्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, पेढा ठेवला. तुम्हाला दिसावा म्हणून पलंगाच्या पायथ्याशीच ठेवलाय.

चार वाजता. बसवणारा आला न्हाय. राजवर्धन फोनवर म्हणाला, आज्जी, चाळीस जणांची यादी हाय, चार दिवस धरून चाला. तेजस्वीनं माझ्याकडं बघितलं. बघू दे. मुहूर्तावर वस्तू उंबऱ्याच्या आत आली, ते महत्त्वाचं. बसवणं काय, हातोडीचं काम.

१ मे.

दुकान बंद. तेजस्वी बाहेरचा मिस्त्री आणते म्हणाली. दीड हजार घेतोय. फुकटचं सोडून दीड हजार, आणि वर वॉरंटी जाणार. न्हाय. मग शेजारचा कूलर आणते म्हणाली. कूलरनं ओल धरती. डॉक्टर कोरडी खोली म्हणालेत. मी डॉक्टरांच्या शब्दाबाहेर न्हाय.

तुम्हाला घाम सुटलाय. सुटू दे, अंगातलं वाईट निघून जातंय. भट्टीवर शर्ट पिळायचात, तेव्हा कधी साधं डोकं दुखलं न्हाय.

३ मे, शनिवार.

ताप. एकशे दोन. पाठीखालची चादर बदलली, ओली होती. वास येत होता. तेजस्वी बाहेर जाऊन उभा राहिली.

डॉक्टर येऊन गेले. दवाखान्यात हलवा म्हणाले. म्हटलं, उद्या एसी बसतोय. ते खोक्याकडं बघायला लागले. हार सुकलाय त्यावरचा. बदलायला पाहिजे.

४ मे. संध्याकाळ.

मिस्त्री आला न्हाय. स्वप्नाली आली, मुरगूडहून, गाडी घेऊन. तेजस्वीनंच फोन केलाता. मला कुणी विचारलं न्हाय. चौघांनी चादरीसकट तुम्हाला उचललं. खोका मधे येत होता, तो एकानं पायानं सरकवला. दारात स्वप्नाली म्हणाली, "आई, तू खोक्याची पूजा करत बसलीस. बाबांकडं बघितलंस का एकदा तरी?"

सहा महिने दर दोन तासाला कूस बदलतीय मी तुमची. आणि म्हणे, बघितलंस का.

तेजस्वी म्हणाली, आज्जी, हे नको लिहायला. म्हटलं, लिही. उठले की त्यांनीच लेकीला समज द्यावी.

६ मे.

पिराजी मिस्त्री आला. दीड तासात बसवला. चालू हाय का बंद, कळत न्हाय, एवढा गप. अशी माणसं पाहिजेत. रिकाम्या पलंगाकडं बघून त्यानं विचारलं, पेशंट कुठं? सांगितलं, दवाखान्यात, दोन-चार दिवस. मग स्क्रू आवळता आवळता म्हणाला, "जुना आधी कशाला काढून दिलासा, आज्जी? नवा चालू झाला की मग जुना द्यायचा असतोय की."

त्याला चहा देणार होते. न्हाय दिला.

एसी चोवीसवर लावून ठेवलाय. तुम्ही आलात की खोली तयार पाहिजे. गादीवर हात ठेवून बघितला, झकास गार लागती. बिलाची काळजी करू नका.

८ मे.

दवाखान्यात गेलते. काचेतनं बघू दिलं. तिथं पण एसी हाय, कितीचा स्टार ते नर्सला विचारलं. तिला माहीत न्हाय. तुम्ही डोळे उघडले न्हाईत. आराम पडला असेल. स्वप्नाली बाकावर होती. मी बसले तशी ती उठली.

१० मे.

कालचं तुम्हाला ठाऊक हाय. त्यात लिहायचं काय.

एसी बंद केला.

१२ जून.

बिल आलं. चारशे नव्वद. निम्म्यावर आणीन म्हटलंतं, त्याच्या पण खाली आणलं. तेजस्वीला दोनदा वाचायला लावलं. ती काय तरी बोलायला गेली. म्हटलं, तू नुसतं लिही.

राजवर्धनला फोन लावलाता. जुना एसी कुठं हाय, विचारलं. म्हणाला, तो त्याच आठवड्यात भंगारात गेला की. का, आज्जी? म्हटलं, सहज.

आता ह्याच्या खालचं तुमच्यासाठी न्हाय. स्वप्नाली माझा फोन उचलत न्हाय. पण तेजस्वी दर रविवारी घरनं येताना डबा आणती, तो तीच भरून देती. तेजस्वी, हे पान फाडून आईला नेऊन दे.

स्वप्ना, डब्यात ते बिनमिठाचं, पातळ पाठवू नको आता. ते तुझ्या बाबांचं पथ्य होतं. एकट्यानं खायचं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून मी पण तेच खात होते. दोन भाकरी पाठव, वाटीभर झुणका, आणि खर्डा. मीठ घालून.