बाबांचा उजवा डोळा

चारकोप,
८ जानेवारी २०२५

चि. गंधाली हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं, म्हणून लिहितेय. सप्टेंबरात तू म्हणालीस की बाबांना बेंगळुरूला घेऊन ये, लॅबमधल्या नव्या कॅमेऱ्याने त्यांच्या डोळ्यांचा पडदा बघू. मी सांगितलं, ते तयार नाहीत. खोटं होतं गं. मी त्यांना विचारलंच नव्हतं.

त्या आठवड्यात बाबा शेजारच्या वनमालामावशींना सांगत होते, माझी धाकटी असा आरसा बनवते जो वाकतो आणि डोळ्यातलं सगळं दाखवतो. मावशींनी विचारलं, मोठी काय करते. बाबा म्हणाले, ती काय, घरीच असते. मी रोज अकरावी-बारावीच्या चार तुकड्यांना फिजिक्स शिकवून येते. भिंग म्हणजे काय हे तुलाही मीच शिकवलं. आई गेली तेव्हा हातातला संशोधनाचा प्रवेश मी सोडला. सहा वर्षं दिवसातून तीनदा त्यांच्या डोळ्यांत थेंब घालतेय. मला वाटलं, हे डोळे तरी माझ्याकडेच राहू देत.

डिसेंबरपासून उजव्या डोळ्याने त्यांना ताटातला चमचाही दिसत नाही. अंधेरीचे डॉक्टर म्हणतात, पडद्याच्या मधल्या पेशी जिवंत असतील तरच नव्या उपचारात घेता येईल, आणि त्यांच्या मशीनवर चित्र धूसर येतं. आता तूच सांग काय करायचं.

शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.

तुझी,
श्रुतिकाताई


बेंगळुरू,
१७ जानेवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण तेव्हा लिहिलेलं तुला वाचवलं नसतं.

सोमवार, ३ फेब्रुवारी, सकाळी दहा. बाबांना घेऊन ये. त्यांना मी काही सांगणार नाही, ते तुझं तू बघ.

गंधाली


बेंगळुरू,
१० फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबांच्या डोळ्यांचा अहवाल डॉक्टरांना पाठवलाय. डाव्या डोळ्याच्या मधल्या भागात पेशी आहेत, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दाटीवाटीने. उजव्यात मध्यभागी काही नाही. सप्टेंबरात तिथे काय शिल्लक होतं हे आता कुणालाच कळणार नाही. हे वाक्य खोडायला घेतलं होतं, पण खोडलं नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा मी बाबांना सांगत होते, समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघा. ते दर मिनिटाला दाराकडे मान वळवून विचारायचे, श्रुतिका कुठे गेली. संगणकाच्या पडद्यावर नुसत्या रेघा येत होत्या. आरसा डोळ्यातला दोष सरळ करतो, मान वळवणाऱ्या माणसाला काय करणार? तू आलीस, त्यांच्या खांद्यावर हात ठेवलास आणि चित्र स्थिर झालं. त्या यंत्रावर मी आठ वर्षं घालवलीयेत ताई. तेव्हा तुझ्यावर जळले मी. अजून जळतेय.

राग आहेच. तरी बाबांची खबर कळवत जा.

तुझी,
गंधाली


चारकोप,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. गंधाली हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी डाव्या डोळ्यासाठी बाबांचं नाव उपचारात घेतलं. पुढच्या महिन्यात सुरू करतील.

गेल्या रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला, थेंब घालून घेतले, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी तू काढलेला त्यांच्या डोळ्याचा फोटो मागितला आणि डाव्या डोळ्याजवळ धरून म्हणाले, गंधालीने त्या आरशाचं सांगितलं तेव्हा मी नुसती मान हलवली, मला काडीचं कळलं नव्हतं. तू सांग.

मी त्यांच्या सुतारकामातलंच सांगितलं. स्टुडिओत सेट लावताना भिंत वाकडी निघाली की तुम्ही आधी ती कुठे किती वाकलीय ते मोजायचात, मग फळी तेवढीच उलट तासायचात, म्हणजे समोरून सगळं सरळ दिसायचं. डोळ्यातून परत येणारा प्रकाश असाच वाकडातिकडा येतो. तो मोजायचा आणि आरसा तेवढाच उलटा वाकवायचा, सेकंदाला शेकडो वेळा. बाबा हवेत हात फिरवत फळी तासून बघत होते. मग म्हणाले, असं होय. आणि लगेच, उजव्याचं तू मला विचारायला हवं होतंस. एवढंच. मी म्हटलं, हो.

आता खरं सांगते. त्यांना आरशाचं ते तुझ्याकडून नाही, माझ्याकडून कळलं, याचा मला आनंद झाला. उजवा डोळा गेल्यावरही. लाज वाटली, तरी आनंद गेला नाही. यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहिलं.

जळत राहिलीस तरी चालेल, येत जा.

तुझी,
श्रुतिकाताई