दुप्पट टाकी

आई, आज पांढरकवड्याहून परत येताना बाभुळगावला तुझ्या शाळेपाशी गाडी थांबवली होती. आत गेले नाही. गेटातूनच नववीचा वर्ग दिसत होता आणि वाटलं, तू अजून तिथे फळ्याशी उभी आहेस. शाळेत तुला मीही बाईच म्हणायची. त्या दिवशी तू दोन त्रिकोण काढलेस, एकाची प्रत्येक बाजू दुसऱ्याच्या दुप्पट, आणि क्षेत्रफळ किती पट ते मला विचारलंस. मी ताठ मानेनं दुप्पट म्हणाले; होतं चौपट. सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "कोन सारखे, आकार सारखा, एवढं पाठ केलंस. पाहिलं नाहीस."

घरी येऊन मी जेवायला बसले नाही. तू समजूत काढली नाहीस, फक्त स्वयंपाकघरातले दोन स्टीलचे डबे खाली काढलेस. घडण तीच, पण मोठा डबा लहान्याच्या दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद. लहान डब्यानं तूरडाळ मोजून मोठ्यात ओतायला लावलीस. मी ओततेय, ओततेय आणि तो भरतच नाही. आठव्या खेपेला डाळ काठाला लागली. "आता उचलून पाह्य," तू म्हणालीस. मला तो ओट्यावर ठेवता आला नाही. तू हसलीस, मग मीही जेवले.

यंदा ते वजन पुन्हा हातात आलं. मी पाणीपुरवठ्याच्या कामावर इंजिनीअर आहे, हे पाहायला तू राहिली नाहीस. पांढरकवड्याकडच्या एका गावात चार खांबांवरची एक छोटी टाकी वर्षानुवर्षं भक्कम उभी आहे. शेजारच्या मोठ्या गावाला तशीच, पण मोठी हवी होती. मी या कामावर आले तेव्हा ठेकेदारानं जुनाच नकाशा दुप्पट करून पायाचे खड्डेही खणले होते. मी काम थांबवलं. त्या गावच्या सरपंचबाई शांतपणे बोलल्या, पण डोळ्यांत राग होता. "मॅडम, टाकी दुप्पट केली, तं खांबबी दुप्पट जाड केलेच ना. मंग अडचण काहून? उन्हाळा तोंडावर आहे, बाया मले काय म्हणतीन?"

मी त्यांच्याच अंगणात बसून सांगितलं. टाकी प्रत्येक बाजूनं दुप्पट केली की पाणी आठपट मावतं, वजनही तितकंच वाढतं. खांब दुप्पट जाड केला तरी त्याचा आडवा छेद, म्हणजे भार पेलणारी जागा, चौपटच होते. म्हणजे खांबाच्या प्रत्येक चौरस इंचावर आधीच्या दुप्पट भार. त्यांनी अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पडली तं खाली आमचेच लेकरं राहतीन." आणि ठेकेदाराला त्यांनीच परत पाठवलं.

नवा नकाशा मंजूर व्हायला उन्हाळा गेला. टँकरपाशी भांडणं झाली, बाया माझं नाव घेऊन बोलत होत्या आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नव्हतं. रोज वाटायचं, मी उगाच तर नाही ना अडवलं? दुप्पट केलेल्या नकाशाची टाकी टिकलीही असती कदाचित. ते आता कधीच कळणार नाही, आणि हेच मला स्वस्थ बसू देत नाही. तुझ्या उदाहरणाचं उत्तर तरी पुस्तकाच्या मागे असायचं.

अखेर टाकी झाली. बुटकी, रुंद, खाली खांबांची दाटी आणि मधे आडव्या तुळया. जुन्या टाकीसारखी ती मुळीच दिसत नाही. आज ती पहिल्यांदा भरली. हिशेब माझ्या वरिष्ठांनी तपासला होता, मीही पुन्हा पुन्हा केला होता. तरी पाणी चढायला लागलं तसं मी सगळ्यांना दूर, गावच्या शाळेच्या भिंतीपलीकडे उभं केलं. सरपंचबाईंनाही. मी मात्र पाणी काठाला लागेपर्यंत खांबाला हात लावून खालीच थांबले. घरच्यांनी विचारलं तेव्हा सांगितलं, लांबूनच पाहिलं म्हणून. तुला हे कळतं तर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस. बरं आहे, हे पत्र कुठे धाडायचं नाही.