ग्रानादाच्या भिंतीचा खालचा भाग

अब्बा, मी ग्रानादाला जाऊन आले. हो, स्पेनच्या त्याच ग्रानादाला. तुमच्या लेखी विमान म्हणजे मुंबई-मस्कत, बाकीची सगळी गोऱ्यांसाठी! मी मस्कतहून इस्तंबूल, तिथून दुसऱ्या विमानाने मालागा आणि पुढे बसने गेले. या वयात खिडकीला नाक लावून बसले होते, शेजारची बाई हसत होती. हसेना का. तुम्ही गेल्याला अठरा वर्षं झाली आणि मला तिथली एकच भिंत बघायची होती.

मस्कतच्या अझैब्यातला तो बंगला आठवतो ना? मी दहा वर्षांची, शाळेला सुट्टी, तुमचा डबा घेऊन येते. तुम्ही फळीवर उभे, भुवयांवरसुद्धा जिप्समची पांढरी पूड. अर्बाबने, म्हणजे घरमालकाने, कॅलेंडरचं एक पान दिलंय. त्यावर ग्रानादाच्या राजवाड्यातली कोरीव भिंत. म्हणाला, पाहुण्यांच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, अश्शीच हवी, यल्ला, लागा कामाला! पण फोटो कमरेच्या उंचीवर संपतो, खाली महिन्याच्या तारखा. तुम्ही चार महिने खपून वरची नक्षी कोरलीत आणि न दिसणारी अंदाजाने थेट जमिनीपर्यंत उतरवलीत. अर्बाबने तुम्हाला मिठी मारली होती.

मग पाहुणे बसू लागले. मजलिसमध्ये बसायचं खाली गादीवर, भिंतीला पाठ टेकून. वर्षभरात खालची नक्षी झडायला लागली. दर ईदच्या आधी तुम्ही डागडुजीला जायचात, आणि घरी येऊन म्हणायचात, "माझाच हात कच्चा." शेवटी कोरीवकाम घेणंच सोडलंत, नुसती सपाट छतं करत राहिलात. सोळा वर्षांची मी, जीभ सैल. म्हटलं, "दिसत नव्हतं तर कुणाला तरी विचारायचं होतंत!" तुम्ही हात धुताधुता म्हणालात, "कोनाला इचारू, बाय? आपल्यातला तिथं जाऊन आलाय कोन?" मी माफी मागितली नाही.

तर बघितली भिंत. वर अगदी तुम्ही केलीत तीच नक्षी. आणि कमरेखाली? नक्षी नाहीच, अब्बा! गुळगुळीत रंगीत फरश्या बसवल्यात. टेका, घासा, पुसा, काही होत नाही. मी तिथे गर्दीत ढसाढसा रडले. तुमच्या हातात काही खोट नव्हती हो. फोटो अपुरा होता, बस्स. एवढ्यासाठी तुम्ही कोरणी खाली ठेवलीत? कॅलेंडर छापणाऱ्याचा राग आला, अर्बाबचा आला, माझा तर सगळ्यात जास्त.

संध्याकाळी रत्नागिरीहून अम्मीचा फोन. सलाम-दुवा बाजूला, पहिला प्रश्न, "खालपरेंत त्यांनी केलेलं तसंच हाय काय गो?" तिला बरं वाटावं म्हणून मी पटकन बोलून गेले, "हुबेहूब, अम्मी."

ती म्हणाली, "तिथली टिकली नि त्यांची झडली. म्हंजे चूक त्यांच्या हाताचीच."

मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला. चार महिने झाले, अब्बा. दर शुक्रवारी बोलतो आम्ही. अजून तिला खरं सांगितलेलं नाही.