चेरीच्या बागेतली कबर

खारकीव्ह,
२४ एप्रिल २०२३

प्रिय ल्युबा,

अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. कारखान्यात उभं राहून पाय सुजतात म्हणतेस, तर रात्री ते उशीवर ठेवत जा. शेवटी तुझा नेहमीचाच प्रश्न आहे: "माझ्या लेकाचं, आर्सेनचं काही कळलं का?" सप्टेंबरात तो आघाडीवर बेपत्ता झाल्यापासून तुझं प्रत्येक पत्र तिथंच संपतं. आधी बाकीचं लिहिते.

मी ठीक. बाबांची मोटरसायकल माझ्याहून ठीक. रेडिओसाठी गावोगाव फिरते, माणसांची बोलणी टिपते. चौकीवरचा शिपाई म्हणाला, "आजी, हे वय आहे का?" म्हटलं, "कुणाचं? माझं की गाडीचं?" गाडीला जोडलेल्या बाजूच्या डब्यात आता आवाज टिपायचं यंत्र आणि पाव असतात. तिथं आपण कलिंगडं मांडीवर घेऊन बसायचो आणि तू किंचाळावंस म्हणून बाबा मुद्दाम खड्ड्यांतून न्यायचे. अजूनही खड्डा आला की माझे कान तुझ्याकडे लागतात.

काल मृतांचा रविवार, सगळे आपापल्या कबरींपाशी जेवायला बसतात तो. वेरेसोव्का गावी गेले. तिथल्या दफनभूमीत सुरुंग आहेत, कुणाला आपल्या माणसाच्या कबरीवर जेवता येत नाही. मोत्रिया नावाची म्हातारी म्हणाली, "चल, आमच्याकडे एक कबर आहे चालत जाण्याजोगी. सगळ्या गावाची तीच."

शरदात सापडलेला एक सैनिक त्यांनी चेरीच्या बागेत पुरला होता. त्याच्याभोवती सगळं गाव रंगवलेली अंडी, गोड पाव, पेले घेऊन बसलेलं. प्रत्येकजण त्याच्याकडे आपापल्या मृतांसाठी निरोप देत होता.

"माझ्या वासिलला सांग रे बाळा, छप्पर दुरुस्त केलं."

म्हातारा पीलिप म्हणाला, "दमला असेल बिचारा, इतके निरोप पोचवून."

"तुझेच लांबलचक असतात," मोत्रिया म्हणाली.

मीही हसले. मग विचारलं, "नाव काय याचं?"

"कागदच नव्हते," मोत्रिया म्हणाली. "मीच अंघोळ घातली त्याला. उंच होता. डाव्या हाताची करंगळी वाकडी. उजव्या खांद्यावर भाजल्याचा जुना डाग, नासपतीच्या फोडीएवढा."

ल्युबा, मी यंत्र बंद केलं.

लहानग्या आर्सेनच्या खांद्यावर उकळता मुरंबा सांडला तेव्हा आपण दोघी स्वयंपाकघरात होतो. आणखी काय लिहू?

गोष्टी गोळा करत फिरते, हे तुला लिहिलेलं खोटं नव्हतं. पण प्रत्येक दारात शेवटी मी त्याचंच विचारत होते.

मी त्यांना तुझ्या लेकाचं नाव सांगितलं. पीलिपनं टोपी काढली. बायकांनी एकेकीनं ते नाव उच्चारून पाहिलं, नीट जमेपर्यंत. ओळख पटवायच्या सरकारी तपासणीला तुझं रक्त लागेल. मला लागत नाही.

निघताना मोत्रियानं विचारलं, "आजवर आम्ही आमच्या माणसांच्या आवडीचं वाढलं. याला काय आवडायचं?"

मला ठाऊक होतं. तरी म्हटलं, "त्याची आई येऊन सांगेल."

तू येईपर्यंत दर रविवारी त्याच्यापाशी जाऊन बसणारी,
तुझी ताई
झोया