पृथ्वी, सूर्य आणि माझी दोन बोटं

सोमवार
डिपार्टमेंटच्या हेडनी बोलावून घेतलं. सेकंड इयर फिजिक्सला प्रोग्रॅमिंग मी शिकवायचं. शुक्रवारी ते स्वतः वर्गात मागे बसणार. नाही जमलं तर सगळेच तास काढून घेतील आणि लॅबचं स्टोअर सांभाळायला देतील, असं हसत हसत म्हणाले. मीही हसलो. क्वांटम शिकवणाऱ्याला प्रोग्रॅमिंग म्हणजे डाव्या हातचा मळ. इतक्या वर्षांत माझ्या तासाला एकानेही शंका विचारलेली नाही, इतकं स्वच्छ शिकवतो.
संकल्प : रोज दोन तास सराव.

मंगळवार
पृथ्वी सूर्याभोवती फिरवायची आहे. गणित तोंडपाठ. टाइप केलं. चूक आहे म्हणणारी लाल अक्षरं आली. कीबोर्ड सदोष असावा. लॅपटॉप मिटला.

मंगळवार, संध्याकाळी
उघडून पाहिलं. लाल अक्षरं तिथेच.

बुधवार
सराव नाही. बायको म्हणाली, अहो, येत नाही म्हणून सरळ सांगून टाका. हिला काय कळतंय! शिकवणं गेलं तर मी उरतो किती? स्टोअरमध्ये भिंगं पुसत बसू? फार भीती वाटते आहे. जेवण हलकं झाल्यामुळे असेल.

गुरुवार
तोडगा सापडला! सॉफ्टवेअरवाल्या जावईबापूंना फोन केला. त्यांनी प्रोग्रॅम लिहितानाचा आपल्या स्क्रीनचा व्हिडिओ पाठवला. रेफरन्ससाठी हवाय, असं सांगितलं होतं. उद्या तो पडद्यावर लावायचा आणि आपण कीबोर्डवर बोटं नाचवायची. ही फसवणूक नव्हे, प्रात्यक्षिक. ते दहा बोटांनी टाइप करतात, माझी दोनच चालतात, पण समोरून कोणाला दिसतंय? सुरुवात पाहिली. उत्तम आहे. पुढचंही तसंच असणार.

शुक्रवार, तासाआधी
हात गार पडलेत. स्टाफरूममध्ये एसी फार आहे.

शुक्रवार, तासानंतर
सुरुवात झकास. पडद्यावर अक्षरं धावत होती, मुलं थक्क. मग तहान लागली. बाटलीचं घट्ट झाकण दोन्ही हातांनी उघडून पाणी प्यायलो. पडद्यावर टायपिंग चालूच. मी म्हणालो, हे ऑटोमॅटिक आहे. तेवढ्यात व्हिडिओतच, पडद्याच्या कोपऱ्यात मेसेज उगवला. जावईबापूंना आमच्या मुलीचा : बाबांचा व्हिडिओ झाला का? आई सांगत होती, फार घाबरलेत ते.
कोणी हसलं नाही. हसले असते तर ओरडता तरी आलं असतं.

सोमवार
तास माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेला. स्टोअर मात्र टळलं. हेड म्हणाले, वर्गात बसा, शिका, मग बघू. म्हणजे मी निरीक्षक.
शेवटच्या बाकावर बसलो. दोन बोटांनी सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. लाल अक्षरं नाहीत! पृथ्वी निघाली, अर्धी फेरी मारली आणि सूर्याला सोडून पडद्याबाहेर गेली. का गेली, काही कळेना. शेजारच्या मुलाचीही गेली होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.
नव्या बाईंनी विचारलं, कोणाचं काही अडलंय का?
वर्गात एकही हात वर गेला नाही. मीसुद्धा लॅपटॉप अर्धा मिटून खाली बघत बसलो.