रिता मॅडमकडची शेवटची शिकवणी

८ जुलै, सोमवार

आज अनवाणी घरी आले. चपला रिता मॅडमच्या दारातच राहिल्या.

मॅडम ख्रिस्ती, शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात. माझ्या एम.ए.च्या निबंधासाठी बायबल शिकवतात — धर्म नाही, वाचायचं कसं ते. "कामिनी, ओळ एकटी उचलू नको. कोणी लिहिली, कधी, कोणासाठी — ते पाह्य आधी."

आज मार्कच्या शुभवर्तमानाचं शेवटचं पान होतं. तो काळ रोमच्या फौजांचा, जेरुसलेमच्या पाडावाचा. तेव्हाचे वाचणारेही जीव मुठीत धरून असतील. सगळ्यात जुन्या प्रतींत गोष्ट मध्येच तुटते म्हणे! बायका येशूच्या थडग्याशी जातात, ते रिकामं असतं, त्या पळत सुटतात, भीतीनं कोणाला काही सांगत नाहीत. संपलं. पुढचं नंतर कोणीतरी जोडलं.

"असा कसा शेवट?"

"कोणी सांगितलंच नाही, तर मग आपल्याले कसं कळलं? विचार कर."

तेवढ्यात दार वाजलं. चार-पाच माणसं. मी स्वयंपाकघरात लपले.

"बायकायले बाटवून राहिल्या तुम्ही! या चपला कोणाच्या?"

"माझ्या."

"तुमच्या तं पायात आहेत!"

"दोन जोड नसावे काय मले?"

मी मागच्या दारानं पळाले. त्यांना एकटं टाकून!

९ जुलै

अश्विनला सांगितलं. तो हातमागावर विणत होता, आडव्या धाग्याचा धोटा हातातच राहिला. "झालं ते झालं. आता तिकडे जाऊ नको. माझ्या आईले सांगू नको." रागावला नाही. नवरा असावा तर असा.

११ जुलै

कडी वाजली की आधी खिडकीतून बघते. आज दोनदा. एकदा दूधवाला, एकदा आमची लेक रक्षाच शाळेतून आली.

१२ जुलै, शुक्रवार

मॅडमचा फोन. आमिष दाखवून धर्म बदलवतात, अशी तक्रार आहे. उद्या ठाण्यात बोलावलंय. "तुझं नाव मी घेतलं नाही. घेणारही नाही." मी 'येते' न म्हणता 'जपून राहा' म्हणून फोन ठेवला.

अश्विन म्हणाला, "तू काहून पडतेस यात? उद्या लोक आपल्या दारात येतीन." येतीलच. रक्षा सहा वर्षांची आहे.

१३ जुलै, शनिवार

सकाळी ऑटोनं ठाण्यात गेले. हवालदाराला पूर्ण नाव सांगितलं. "मी स्वतःहून जात होते. चहाशिवाय काही घेतलं नाही."

त्यानं तक्रारीचा अर्ज पुढे सरकवला. "बाई, मंग हे काय आहे?"

'माझ्या पत्नीला फूस लावली जात आहे.' तारीख सहा जुलै. खाली अश्विनची सही.

जबाब दिला. बदलला नाही.

हे तुमसरला आईच्या घरी बसून लिहितेय. रक्षाला घेऊन आले.