स्मृतिसदनाचा पाया

१२ जानेवारी १९५३, सोमवार.
आजपासून रोजनिशी. निश्चय पक्का. मास्तरकी सुटून आठ वर्षे झाली. आता कुणी घंटा देत नाही, म्हणून स्वतःच द्यायची.
कारण मोठे आहे. काल मुलगा शरदचंद्र मुंबईहून आला होता. परळची खोली त्याला मे अखेर सोडायची आहे. म्हणाला, भाऊ, इथे वसईत दोन खोल्या निघाल्या तर रोज गाडीने जाईन-येईन, नाहीतर अंबरनाथला कारखान्याच्या चाळीत जागा मिळते आहे. ही पोळी लाटता लाटता थांबली. अंबरनाथ म्हणजे नात मंदा वर्षातून दोनदा दिसणार. चार वर्षांची झाली, पोरीला अजून एक कविता पाठ नाही.
ठरले. वाडीत स्वतंत्र दोन खोल्या, पुढे पश्चिमेकडे तोंड केलेला व्हरांडा. संध्याकाळी मांडीवर मंदा, समोर माडांमागे सूर्य, आणि तोंडी श्लोक. नाव सुचले: स्मृतिसदन. नाव ठरले म्हणजे अर्धे घर झाले.

१४ जानेवारी.
तिळगूळ द्यायला शेजारचा सॅन्टन आला. तोही मागच्या अंगाला दोन खोल्या काढतो आहे. म्हणाला, मास्तर, आधी परमिशन काढा, ओव्हरसियर बघून गेल्याशिवाय दगड टाकू नका. त्याचे काम सहा आठवडे पायातच अडकले आहे. ओव्हरसियरने चर बघितला, आणखी खोल खणायला लावले, वर शेवग्यापासून घर लांब सरकवले. सॅन्टन बिचारा भित्रा.
शिवाय ओव्हरसियर कोण? माणिकपूरचा जेम्स. माझाच विद्यार्थी. चौथीत कविता म्हणताना दुसऱ्या चरणावर हमखास अडायचा. माझ्या शब्दाबाहेर कसा जाईल?

१९ जानेवारी.
अर्ज लिहिला. गद्यात लिहिणार होतो, पण लेखणी आर्येकडेच वळली.

वाडीत या घरासी बांधाया मज दिजे अनुज्ञा ती ।
चित्र मनीं जें माझ्या, कागद त्यासी पुरे न कल्पांती ॥

खाली सही. स्वतः कचेरीत नेऊन दिला. हिला वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, नकाशा जोडायचा असतो ना? दुसऱ्या ओळीत तेच तर सांगितले आहे.

२७ जानेवारी.
अर्ज परत. वर जेम्सचे अक्षर (सुधारले आहे). 'आर्या छान. प्लॅनच्या तीन प्रती जोडाव्यात. जागेवर पूर्वी विहीर अगर बावखल होते काय ते लिहावे. चर खणल्यावर, पाया भरण्याआधी, पाहणीस बोलवावे.'
म्हणजे नाही कुठेच म्हटलेले नाही. 'छान' मात्र म्हटले आहे. मी याचा अर्थ होकार असा घेतो.
बावखलाचे विचारतो आहे. मला. या वाडीचे बावखल माझ्याइतके कुणाला ठाऊक असेल? लहानपणी त्या तळ्याचे पाणी केळींना जाई. काठावर भेंड, पाण्यात कमळे. वडिलांनी, आप्पांनी, ते बुजवले तेव्हा मी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात होतो. बातमी कळली त्या दिवशी जेवलो नाही. वसंततिलका वृत्तात आठ कडवी लिहिली. आरंभ अजून जिभेवर आहे:

पूर्वेस बावखल शांत सुखे निजेले

पूर्वेस. स्वच्छ लिहिले आहे. आपण बांधतो आहोत पश्चिमेस. प्रश्न मिटला.

१ फेब्रुवारी, रविवार.
जूचंद्रहून बाबू गवंडी आला. गुणी माणूस. मी म्हटले चुन्यात बांधू. म्हणाला, तुमी बोलाल तसा. मी म्हटले व्हरांड्याला कमान हवी. म्हणाला, तुमी बोलाल तसा. असा श्रोता शाळेत एक मिळाला नाही.
सिमेंटचे परमिट परमिशनशिवाय देत नाहीत म्हणे. नकोच. वसईचा किल्ला चुन्यात उभा आहे.
दुपारी चुन्याने आखणी केली. ही पायरीवर बसून बघत होती. म्हणाली, अहो, इथे तर बावखल होतं. मी म्हटले, पूर्वेला. म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हा चार वर्षं मी इथे लुगडी धुतली. सूर्य मावळताना डोळ्यांवर यायचा.
हिने लुगडी धुतली हे खरे. पण कविता मी लिहिली आहे.

९ फेब्रुवारी.
चर कमरेइतका गेला. माती काळीभोर, लोण्यासारखी. बाबू म्हणाला, मास्तर, माती काली हाय नी पानी पन जवल हाय. मी म्हटले, काळी म्हणजे सुपीक, आणि पाणी जवळ असणे हे वास्तूला शुभ. म्हणाला, तुमी बोलाल तसा.
शंखशिंपले निघतात. एके काळी इथवर समुद्र आला असावा. यावर एक कविता होईल.

११ फेब्रुवारी.
चरातून एक तांब्या निघाला, हिरवा पडलेला. हिने चिंच लावून घासला आणि माझ्यापुढे ठेवला. बुडाशी तिच्या माहेरचे नाव. हा माझा तांब्या, म्हणाली, बावखलात पडला होता. आईंनी दोन दिवस बोल लावले होते.
मी समजावले की जमिनीच्या पोटात वस्तू वर्षानुवर्षे सरकत असतात. पूर्वेकडून पश्चिमेकडे येणे अशक्य नाही.
हिने विचारले, जेम्सला बोलावताय ना चर बघायला? मी म्हटले, बघू. गृहस्थाला उगाच तसदी. शिवाय चौथीतला मुलगा येऊन मला पाया कसा असतो ते सांगणार, हे त्यालाच अवघड वाटेल.
पहिला दगड बसवला. ही तांब्या घेऊन आत गेली.

१६ मार्च. गुढीपाडवा.
गुढी नव्या जोत्यावर उभारली. बाबूने मन लावून भिंती खिडकीपर्यंत आणल्या आहेत. सॅन्टनची अजून जोत्यावरच. आज तो कुंपणाशी उभा राहून बघत होता. मी म्हटले, बघितलेस, कचेरीच्या दारात न जाता कसे झरझर होते. तो म्हणाला, होय, मास्तर. चेहरा पडला होता. मला त्याची दया आली.

१४ एप्रिल.
आजपासून अधिक वैशाख. काम चालू ठेवायला हरकत नाही, पण गृहप्रवेश निज वैशाखातच. शरदचंद्र म्हणत होता, भाऊ, आधीच येऊ का, सामान हलवायला बरे पडेल. मी साफ नाही म्हटले. घराच्या बाबतीत नियम पाळलेच पाहिजेत.

३ मे.
मंगलोरी कौले चढली. लालभडक. दुरून पाहिले तर डोळे भरून आले.
जवळून पाहिले तर पश्चिमेच्या भिंतीला केसाएवढी रेघ. बाबू म्हणाला, चुना वालतो तवा येते. मीही तेच म्हणणार होतो.

११ मे.
रेघेत आता बोट जाते. चांगला चुना असाच श्वास घेतो. व्हरांड्याचे दार लागत नाही. लाकूड फुगले असेल. ही म्हणाली, मे महिन्यात? हिला प्रत्येक गोष्टीचा महिना आठवतो.
संकल्प: रेघेवर चित्र काढून घ्यावे. वेल चांगली दिसेल.

२२ मे, शुक्रवार. गृहप्रवेश.
शरदचंद्र, सूनबाई सरला, मंदा, तीन ट्रंका आणि एक शिवणाचे मशीन. वास्तुशांत यथासांग. व्हरांड्यात झोपाळा बांधला, मंदाला वर बसवली, पहिला श्लोक सुरू केला. ती म्हणाली, आजोबा, लिंबू बघा. मजघरात ठेवलेले लिंबू आपोआप घरंगळत व्हरांड्यात आले, तिथून अंगणात गेले. तिने ते दहादा केले. पोरगी हसून हसून दमली. घरात पाऊल टाकताच मुलांचे मन रमते, ही वास्तूची खूण.
जेवणाच्या वेळी जेम्स आला. सॅन्टनच्या खोल्या पास करायला आला होता म्हणे, वाटेत दिसले. मी म्हटले, ये, पंगतीत बस. तो बसला नाही. खिशातून ओळंबा काढून पश्चिमेच्या भिंतीला लावला, बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, मास्तर, इथे आज कुणी झोपू नका.
मी म्हटले, जेम्स, पाहुण्यांसमोर हे बोलणे बरे नव्हे. तो म्हणाला, मास्तर, तुम्ही मला पाठ न म्हटल्याबद्दल बाकावर उभा केला होता, सगळ्या वर्गासमोर. तेव्हा मला राग आला नव्हता. आज तुम्ही रागवा, पण पोरीला इथून उचला.
मी अर्थातच रागावलो. घरमालक मी आहे असे बजावले. तो जाईपर्यंत हिने मंदाचे अंथरूण उचलून जुन्या घरात नेले होते. सरलाही गेली. शरदचंद्र ट्रंका उचलू लागला. मीही शेवटी गेलो, एकटा झोपलो असतो पण उशी तिकडे गेली होती.

२३ मे.
दुपारी भिंत गेली.
सगळे जुन्या घरात जेवत होतो. आवाज मोठा नव्हता. पोते टाकल्यासारखा. जाऊन पाहिले तर व्हरांडा, कमान, झोपाळा, सगळे कौलांखाली. झोपाळ्याची एक कडी वर दिसत होती.
ही मंदाला कडेवर घेऊन उभी राहिली, खाली ठेवीना.
आज जास्त लिहिवत नाही.

२४ मे.
काल मन हळवे झाले होते. शांतपणे विचार केला. दोष चुन्याचा. थोडा बाबूचा. त्याला तसे म्हणालो. तो म्हणाला, तुमी बोलाल तसा.

३० मे.
अंबरनाथला जायचे ठरत होते. ट्रंका पुन्हा दोरीने बांधल्या. ही दोन दिवस जेवली नाही. आज सकाळी सॅन्टन कुंपणापाशी आला आणि शरदचंद्रला म्हणाला, माझ्या खोल्या तयार आहेत, पास झालेल्या आहेत, पोराचं लग्न पुढच्या वर्षी. तोवर राहा. भाडं सवडीनं बघू. मास्तरांनी मला शिकवलंय.
शरदचंद्रने माझ्याकडे पाहिले सुद्धा नाही, हो म्हणाला.
ही जेवली.

५ जुलै, रविवार.
स्मृतिसदनाच्या जागी आता पाणी साचले आहे. गोल. बेडूक आहेत. सॅन्टनची बदके कुंपणाखालून येऊन पोहतात. दगड रोज थोडे थोडे खाली जातात. ही कपड्यांची बादली घेऊन त्या काठावर जाते, बसायला तिने माझ्या जोत्याचा कोपरा पसंत केला आहे. सोबत तोच तांब्या.

१२ जुलै.
मंदा रोज संध्याकाळी कुंपणापाशी येते. मी या बाजूला खुर्ची टाकतो. आज बावखलाची कविता शिकवायला घेतली. पूर्वेस बावखल, म्हटले. ती म्हणाली, आजोबा, पूर्व कुठे? सूर्य उगवतो तिकडे, म्हटले. तिने मान वळवून तिकडे पाहिले, मग बदकांकडे पाहिले आणि म्हणाली, पण पाणी तर इकडे आहे.
मी म्हटले, कवितेतली दिशा वेगळी असते.
आणि हे म्हणता म्हणता पुण्याची ती खोली आठवली, कंदील आठवला. पहिल्यांदा मी 'पश्चिमेस' असेच लिहिले होते. ते वृत्तात बसेना. वसंततिलकेला आरंभी दोन गुरू लागतात. 'पूर्वेस' चपखल बसले.
ओळ अजूनही चांगलीच आहे.

९ नोव्हेंबर, सोमवार.
सॅन्टनच्या पोराचे लग्न माघात ठरले. खोल्या त्याआधी मोकळ्या करायच्या. अंबरनाथची चाळ अजून आहे, असे शरदचंद्र सरलाला म्हणत होता. कुंपणावरून ऐकू आले.
म्हणून आज कचेरीत गेलो. अर्ज गद्यात. माणिकपूरच्या ड्राफ्ट्समनकडून काढलेला प्लॅन, तीन प्रती. जागा वाडीच्या पूर्वेची. जेम्सने खुर्ची दिली, चहा मागवला, प्लॅन उलगडून नीट पाहिला. चर खणला की बोलवा, म्हणाला. मी म्हटले, बोलावीन. दगड टाकण्याआधी? आधी, म्हटले.
मग त्याने लेखणी उचलली आणि विचारले, मास्तर, या जागेवर पूर्वी काय होते?
आठ कडव्यांपैकी तिसरे ओठांपर्यंत आले होते. त्यात पूर्वेला काय काय होते ते सगळे आहे, फुलांसकट.
मी म्हटले, घरी हिला विचारून सांगतो.